तुळसाबाईची सही

तुळसाबाईंबद्दल सांगायला बसलो की आधी मला माझाच राग येतो, मग कंपनीचा. हा क्रम शेवटपर्यंत बदलणार नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवतो.

मी घनश्याम. पाच वर्षं एका कोंबडी कंपनीत सुपरवायझर होतो. कंपनी नागपूरची, डेपो यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत. कंपनी लोकांना एका दिवसाची पिल्लं द्यायची, खाद्य द्यायची, औषधं द्यायची. लोकांनी आपल्या शेडमध्ये चाळीस-बेचाळीस दिवस ती वाढवायची, मग कंपनीची गाडी येऊन तयार कोंबड्या घेऊन जायची आणि लोकांना वाढवण्याची मजुरी मिळायची. बाभुळगाव आणि राळेगाव तालुक्यांतली अडतीस शेडं माझ्याकडे होती. मोटारसायकलवर फिरायचं, पक्षी पाहायचे, खिळ्याला टांगलेल्या कार्डावर दोन ओळी खरडायच्या आणि पुढच्या शेडला निघायचं. कंपनीला वाटायचं मी शेडवाल्यांना सामील आहे, शेडवाल्यांना वाटायचं मी कंपनीचा हेर आहे. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

ते कापसाचे वाईट दिवस. आमच्या जिल्ह्यात तेव्हा कापूस कमी आणि पाहुणे जास्त पिकत होते. समित्या यायच्या, पांढऱ्या गाड्या यायच्या, गळ्यात कॅमेरे अडकवलेली पोरं यायची. सगळ्यांना एकच घर हवं असायचं, ज्यात कोणीतरी जीव दिलेला आहे. अशीच एक पोरगी वही घेऊन तुळसाबाईंच्या दारात उभी राहिली आणि आवाज अगदी हळू करून तिनं विचारलं, "तुमच्याकडे कोणी…?"

"नाही वं बाई," तुळसाबाई म्हणाल्या. "माहा नवरा जित्ता हाय. तो पाहा, भाकर खाऊन राह्यला. फोटो काढाचा असन त काढ, पण हासजो म्हण त्याले."

नागोराव तोंडात घास घेऊन खरोखर हसले. फोटो काही छापून आला नाही.

तुळसाबाई तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. आडनाव मनवर. छप्पनच्या दीक्षेनंतर ज्या घरांनी देव काढून भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लावले, त्यातलं हे घर. तुळसाबाईंच्या वडिलांनी त्याआधी कधीतरी कुठल्याशा कागदावर न विचारता अंगठा दिला होता आणि गावठाणातली राहती जागा गेली होती. म्हाताऱ्याने मग एकच नियम केला, कागद घरात आला की आधी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मगच सही. त्यासाठी त्यानं लेकीला मारून मुटकून सातवीपर्यंत शिकवलं. सासरी आल्यावर तुळसाबाईंनी हा नियम इकडे लागू केला. ग्रामपंचायतीची नोटीस, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, लग्नपत्रिका, सगळं मोठ्याने. एसटीच्या तिकिटामागचे नियम वाचून दाखवणारी ही एकच बाई मी पाहिली. शेजारपाजारचे टर उडवायचे. मीही उडवली आहे.

दोन एकरांतला कापूस बंद करून त्या जागी दोन हजार पक्ष्यांचं शेड उभं करायचं, हे त्यांनीच ठरवलं. नागोरावांचा विरोध दोन दिवस टिकला. शेड मात्र असं ठेवलं की मी नवीन शेडवाल्यांना ते दाखवायला आणत असे. जमिनीवर धानाचा तूस पसरलेला असतो, त्यावर पक्षी राहतात. तो ओला राहिला की रोग आलाच. तुळसाबाई दिवसातून दोनदा दाताळ्यानं अख्ख्या शेडचा तूस उलथायच्या आणि मूठभर घेऊन दाबून पाहायच्या. मूठ उघडल्यावर लाडू झाला तर तूस ओला, मोकळा सांडला तर बरोबर. त्यांच्या शेडमध्ये मी लाडू झालेला कधी पाहिला नाही.

दोन हजार आठ सालच्या मार्चमध्ये कंपनीने फर्मान काढलं. खाद्यातलं अँटिबायोटिक बंद, त्याऐवजी पाण्यातून प्रोबायोटिकची पावडर द्यायची. यवतमाळच्या एका हॉटेलात आम्हा सुपरवायझरांची बैठक झाली. पावडर बनवणाऱ्यांच्या माणसाने पडद्यावर कोंबडीचं आतडं दाखवलं आणि समजावलं की यात दह्यातल्यासारखे चांगले जिवाणू आहेत, जिवंत आहेत, ते पिल्लाच्या पोटात जाऊन मुक्काम करतात आणि वाईट जिवाणूंना जागाच उरू देत नाहीत. चांगलं बोलला तो. माझं लक्ष मसाला डोशाकडे होतं. जाताना प्रत्येकाला नमुन्याचं एकेक पाकीट दिलं. मी ते घरी नेऊन ओट्यावर टाकलं आणि विसरलो. हे पाकीट मात्र तुम्ही विसरू नका.

पहिली पाकिटं घेऊन मी तुळसाबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"हे त विंग्रजीत हाय. काय लिवलं हाय याच्यावर?"

"काही नाही हो, नवीन औषध आहे. पाण्यात ढवळायचं आणि द्यायचं. त्या दिवशी पाण्यात ब्लिचिंग टाकू नका, बस."

"तुम्ही वाचलं काय?"

मला राळेगाव गाठायचं होतं. पुढच्या वेळी वाचून दाखवतो म्हणालो आणि किक मारली. राग कुणाचा आधी येतो म्हणालो होतो ना, तो इथला.

मेमध्ये त्यांची बॅच वीस दिवसांची असताना पक्ष्यांना दस्त लागले. पाणीदार, लालसर. दाताळं दोनाऐवजी चारदा फिरू लागलं, तरी तूस कोरडा राहीना. पहिल्या दिवशी अकरा मेले, मग तीस, मग साठ. मी अँटिबायोटिक पाठवून ते थांबेपर्यंत नऊ दिवसांत साडेतीनशेच्या वर पक्षी गेले. नागोराव शेतात खड्डा करत होते आणि तुळसाबाई टोपलीतून मेलेले पक्षी आणून त्यात टाकत होत्या, वर चुना. मला पाहून त्या रडल्या, आणि आपण रडलो याचाच त्यांना राग आला. पदराने खसकन तोंड पुसून त्यांनी तुसाची मूठ माझ्यासमोर दाबली.

"पाहा. सकाळपासून तिसऱ्यांदा उलथला. आता सांगा माहं काय चुकलं."

 माझ्या अडतीसपैकी अकरा शेडांत हेच चाललं होतं.

नागपूरला याचं कारण हवं होतं, आणि त्यांनी ते शोधूनही काढलं. छापील कागदच पाठवला. 'तूस वेळेवर न उलथल्यामुळे व स्वच्छता न राखल्यामुळे पक्षी दगावले, ही माझी चूक मला मान्य आहे.' खाली पालकाची सही. म्हणजे कोंबड्या पाळणाऱ्याची. सही दिली की जूनमध्ये नवीन पिल्लं, नाही दिली की शेड बंद. अकरापैकी दहा सह्या मी चार दिवसांत आणल्या. कोणी वाचलं नाही, मी वाचू दिलंही नाही.

अकराव्या घरी कागद मोठ्याने वाचला गेला. नागोरावांचं सुपारी कातरणं थांबलं. वाचून झाल्यावर तुळसाबाईंनी कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"हे खोटं हाय, भाऊ."

"अहो, नुसता कागद आहे. कोण पाहतं? सही करा, महिन्याभरात पिल्लं येतील. नाही तर शेड रिकामं पडेल."

"पडू द्या."

"करून टाक न वं," नागोराव पुटपुटले.

"तुम्ही उलथला न माह्यासंग तूस? हाताले फोड आले न? मंग तुम्हीच करा सही. लिवा का मी घरात झोपून होतो."

नागोरावांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं आणि पुन्हा अडकित्ता उचलला. 

मी उठायला लागलो, तर तुळसाबाई आतून एक रिकामं पाकीट घेऊन आल्या. जपून ठेवलं होतं. "पुढच्या वेळी वाचून दाखवीन म्हणे तुम्ही. आली पुढची वेळ."

बाजेवर बसून मी पाकीट वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा. यात जिवंत जिवाणू आहेत. पंचवीस अंशांच्या खाली ठेवावे. उन्हापासून दूर ठेवावे. त्या दिवशी यवतमाळचा पारा पंचेचाळीसवर होता.

"तुमचं लोहाऱ्याचं गोडाऊन कायचं हाय?"

"टिनाचं."

"आन् तिथून इथं कसं येते?"

"जमीरच्या गाडीत. खाद्याच्या पोत्यांवर."

जमीर आमचा गाडीवाला. लोहाऱ्याहून निघाला की अडतीस शेडं फिरायला त्याला दोन दिवस लागायचे. पाकिटं दोन्ही दिवस ताडपत्रीखाली भाजत असायची.

तुळसाबाईंनी पाकीट माझ्या हातून परत घेतलं. मग म्हणाल्या, "उकयत्या दुधात इरजण टाकलं त दही लागते काय, भाऊ?"

"नाही."

"काहून नाही?"

"विरजण मरतं."

"हे एवढं त माह्या सुनेलेही समजते. तुमच्या कंपनीत कोणाच्या घरी दही लावत नाही काय?" आणि मग माझ्याकडे रोखून पाहत, "ज्यानं हा कागद धाडला त्या सायबाले आणा इथं. त्याच्या पावडरनं दूध लावून पाहू. दही लागलं त करीन सही."

घरी आलो. पाण्याच्या बाटलीसाठी फ्रिज उघडला आणि दाराच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या मागे, नमुन्याचं ते पाकीट दिसलं.

"हे इथं कोणी ठेवलं?"

"मी," उर्वशी, माझी बायको, म्हणाली. "कस्टर्ड आहे ना ते? दोन महिने झाले आणून. कधी करायचं?"

पाकिटावरचा बॅच नंबर पाहिला. लोहाऱ्याच्या गोडाऊनमध्ये जो माल भाजत पडला होता, त्याचाच. एक थंडीत राहिलेलं, बाकीची भट्टीत. तुळसाबाई खरं बोलत होत्या की नाही, ते या एका पाकिटाने कळणार होतं. आणि मी काय केलं? दोन दिवस फ्रिजचं दार उघडलं आणि लावलं. नोकरीची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी नागपूरहून मॅनेजर साहेबांचा फोन आला की ते स्वतः येऊन ते शेड बंद करणार आहेत. नऊ दिवसांत ज्या बाईनं डोळ्याला डोळा लावला नाही, तिला आळशी ठरवायला एक माणूस एसी गाडीतून नव्वद मैल येणार होता. माझं डोकं फिरलं. डब्यात बर्फ भरला, त्यात पाकीट ठेवलं आणि निघालो.

साहेब नऊ वाजता आले. तुळसाबाईंनी पाणी पुढे केलं, त्यांनी आपली बाटली दाखवली. त्या घरी पाणी का घेतलं नाही हे मी विचारलं नाही. तुळसाबाईंनीही विचारलं नाही, पण तांब्या तसाच त्यांच्यासमोर ठेवून दिला. दूध लावायचं ऐकून साहेबांना हसू आलं. "लावा, लावा," म्हणाले. गंमत वाटली त्यांना. गमतीतच ते फसले.

घरच्या म्हशीचं दूध तापवून कोमट केलेलं होतं. तीन गंज मांडले, म्हणजे आमच्याकडची स्टीलची उभी पातेली. पहिल्यात तुळसाबाईंनी घरचं विरजण लावलं. दुसऱ्यात जमीरने त्याच सकाळी आणलेल्या मालातलं पाकीट, साहेबांनी स्वतःच्या हाताने फोडलेलं. तिसऱ्यासाठी मी बर्फातलं पाकीट काढलं.

"हे कुठलं?" साहेबांच्या कपाळावर आठी आली.

"आपलंच आहे, साहेब. नंबर पाहा. माझ्या फ्रिजमध्ये होतं."

त्यांनी नंबर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तिथेच मला कळलं की आता माघार नाही. "यांच्या पाण्यात ब्लिचिंग असेल," ते म्हणाले. म्हणून दोन्ही पावडरी शेडच्या टाकीतल्या एकाच पाण्यात कालवल्या. गंजांना फडकी बांधली, गाठीवर खळीनं कागदाची पट्टी चिकटवली. तुळसाबाईंनी पट्ट्यांवर लिहिलं, 'यात जे टाकलं ते माझ्यासमोर टाकलं', आणि पेन साहेबांपुढे धरला.

"सही करा, सायेब. पण वाचून करा."

साहेबांनी हसत तीन सह्या ठोकल्या आणि राळेगावकडची शेडं पाहायला निघून गेले.

चार वाजता परत आले, तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसं होती. सह्या दिलेल्या दहापैकी चौघंही होते. राळेगावकडची शीला तर भर उन्हात एसटीने आली होती. साहेबांनी आपल्याच सह्यांच्या पट्ट्या फाडल्या. पहिल्या गंजात दही, सुरी फिरवावी असं. तिसऱ्यात, माझ्या फ्रिजवाल्यात, दही जरा ढिलं, पण दहीच. दुसऱ्यात दूध. सकाळी होतं तसंच पातळ, तळाशी पावडर बसलेली. तुळसाबाईंनी गंज तिरपा करून सगळ्यांना दाखवला.

साहेब घाम पुसत म्हणाले, "हे दुधाचं झालं. कोंबडीचं पोट म्हणजे काही गंज नाही, बाई."

"नाही न, सायेब," तुळसाबाई म्हणाल्या. "गंज मरत नाही. माह्या कोंबड्या मेल्या."

शीला खुदकन हसली आणि मग सगळं अंगणच हसलं. साहेबांनी खिशातून तो छापील कागद काढला. सही करता की नाही, शेवटचं विचारतो, म्हणाले.

"याच्यावर लिवा का पावडर गोडाऊनात मेली होती. आत्ता करीन."

गाडीचं दार धाडकन लागलं. धूळ खाली बसल्यावर जमीर पुढे झाला आणि पहिल्या गंजातलं दही भाकरीवर घेऊन खाऊ लागला. सकाळपासून उपाशी होता बिचारा. मीही खाल्लं.

इथे सगळं गोड झालं असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. जूनमध्ये तुळसाबाईंना पिल्लं आली नाहीत, जुलैमध्येही नाहीत. सह्या देणाऱ्या दहाही जणांची शेडं भरली. तुळसाबाई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायच्या आणि आल्यावर रिकामं शेड झाडायच्या. दोनदा चुना मारला त्यांनी त्याला. गावातले म्हणत, एका सहीपायी बाईनं धंदा घालवला. मी रस्त्याने जाताना मान खाली घालून जायचो. एकदा त्यांनीच थांबवलं.

"लाजता कायले? पाकीट तुम्ही आणलं. आता निस्ती सही मागाले येऊ नका."

मला कंपनीने काढलं नाही. त्यात माझी काही थोरवी नाही. अडतीस शेडांचे पावसाळ्यातले रस्ते माहीत असलेला दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

पण त्या अंगणातून चौघं आपापल्या घरी गेले होते. जुलैत शीलाने नवीन पाकिटातली चिमूटभर पावडर दुधाला लावली. दही लागलं नाही. तिने सगळी पाकिटं जमीरच्या गाडीत परत टाकली आणि सांगितलं, "मेलेला माल नाही घेत." मग तिच्या शेजारच्या शेडने, मग बाभुळगावकडच्यांनी. ऑगस्टअखेर वीसेक शेडांत पावडर आली की आधी दूध लावायचा रिवाज पडला. जमीर माल घेऊन जायचा तसा परत आणायचा आणि डेपोत उतरवताना मोठ्याने सांगायचा, "दही नहीं लगा, साहब." सप्टेंबरमध्ये लोहाऱ्याच्या टिनाच्या गोडाऊनमध्ये दोन फ्रिज आले, जमीरला बर्फाची पेटी मिळाली, आणि नागपूरने कळवलं की मनवरबाईंना पिल्लं द्या. चुकीच्या कबुलीचा कागद कोणी पुन्हा काढला नाही. मात्र सगळ्यांसाठी नवा करारनामा आला, चार पानी. आधी सही, मगच पिल्लं उतरवायची, असा हुकूम.

मी करारनामा घेऊन गेलो. मागोमाग जमीरची गाडी, दोन हजार पिल्लं चिवचिवतायत. तुळसाबाई ओसरीवर बसल्या, चष्मा लावला आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागल्या. दुसऱ्या पानापर्यंत ऊन गाडीवर चढलं.

"पढते रहो, बाई," जमीर म्हणाला. "कागद आरामात होईन. पिल्लं थांबत नाहीत." आणि त्यानं खोकी उतरवायला सुरुवात केली. नागोराव धावले. हुकूम माझ्या खिशात होता. मी दुसरीकडे पाहत उभा राहिलो.

चौथ्या पानावर तुळसाबाई थांबल्या. सतरावं कलम त्यांनी दोनदा वाचलं. 'पालकाने कंपनीने दिलेली पावडर दुधास लावून पाहू नये.'

"पेन द्या, भाऊ."

पेन दिला. पट्टी नव्हती, त्यांनी करारनाम्याच्या पाकिटाची कड लावून त्या कलमावर सरळ आडवी रेघ मारली. बाजूच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'दूध लावीन.' मग खाली सही केली, पूर्ण नावाची, तुळसाबाई नागोराव मनवर, एकेक अक्षर सुटं.

शेडमध्ये पिल्लं ब्रूडरच्या, म्हणजे उबेच्या, दिव्याखाली गोळा व्हायला लागली होती. तुळसाबाईंनी बर्फाच्या पेटीतलं पाकीट घेतलं आणि सुनेला दूध तापवायला सांगितलं. त्यांच्या सहीच्या खाली साक्षीदाराची जागा होती, ती माझी. शेवटचं पान उघडून सही ठोकायची मला सवय होती. मी त्यांच्याजवळ ओसरीवर बसलो, चारही पानं पहिल्या ओळीपासून वाचली, आणि मग सही केली.